परकारचाचा आणि रोमन फौजेचा वाटाड्या

इतिहासातलं मला एकच वर्ष येतं. शाळेत सनावळ्यांनी मला रडवलं, पानिपत कुठल्या साली झालं ते आजही मी चाचपडत सांगतो. पण इसवी सनापूर्वी पंचविसाव्या वर्षी रोममध्ये, पार्थियात आणि मी आज जिथे राहतो त्या अरबस्तानात काय चाललं होतं, हे मला झोपेतून उठवून विचारा.

परवा माझ्या मुलीला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला. अल-खोबरच्या इंडियन स्कूलमध्ये ती नववीत आहे. प्राचीन जगातलं कुठलंही एक वर्ष घ्या आणि त्यावर लिहा, एवढंच. ती लॅपटॉप उघडून बसली होती. मी सहज म्हणालो, अगं, इसवी सनापूर्वी पंचवीस घे, आणि मग जो सुटलो तो अर्धा तास थांबलो नाही. पोरगी बघतच राहिली. घरात आजवर सिमेंट आणि क्रिकेट सोडून तिसरा विषय न काढलेला बाप! “बाबा, हाउ डू यू नो ऑल धिस?” म्हणाली. मी सांगितलं, माझ्याबरोबर एक परकारचाचा म्हणून होते, त्यांनी शिकवलं. ते आता कुठे असतात, असं तिनं विचारलं आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून इथं सांगतोय.

नऊ वर्षांपूर्वी मी तबूकला होतो. पाण्याची मोठी पाइपलाइन टाकायचं काम होतं आणि परकारचाचा तिथे रूट सर्व्हेयर होते. म्हणजे सगळ्यांच्या आधी वाळवंटात जायचं, वाट शोधायची, खुंट्या ठोकायच्या, आणि पाइप, गाड्या, माणसं कुठून न्यायची ते ठरवायचं. मूळचे बाणकोटच्या खाडीकडचे. तेव्हा वय अठ्ठावन्न. उंची बेताची, दाढी रोज गुळगुळीत केलेली, आणि बाहेर कितीही ऊन असो, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. कॅम्पात त्यांना सगळेच चाचा म्हणत, त्यांच्यापेक्षा वयानं मोठे असलेले दोन पठाण ड्रायव्हरसुद्धा.

मी सांगलीचा सिव्हिल इंजिनियर, नवाकोरा साइट इन्चार्ज, डोक्यात हवा भरपूर. पहिल्याच दिवशी चाचा मला पोर्टा-केबिनमधल्या भिंतीवरच्या नकाशापुढे घेऊन गेले. त्यावर आमची लाइन निळ्या रंगात होती, आणि तिच्या शेजारून शिसपेन्सिलनं काढलेली एक वेडीवाकडी रेघ समुद्रकाठापासून निघून पार दक्षिणेला, येमेनच्या हद्दीपर्यंत गेली होती. मी विचारलं, ही कुठली लाइन? चाचा म्हणाले, ही आपल्या आधीची पार्टी. फौजेची. दोन हजार वर्षं झाली, अजून कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालेलं नाही.

मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतोय.

तसे ते होतेच, त्या एका वर्षापुरते. तरुणपणी ते चेनमन म्हणून, म्हणजे मोजणीची साखळी धरायला, सौदीत आले, तेव्हा परदेशी संशोधकांच्या एका तुकडीला कंपनीनं त्यांना चार महिने उसनं दिलं होतं. ती माणसं किनाऱ्यावर जुनं बंदर शोधत होती. जिथे रोमन फौज उतरली ते बंदर. जाताना त्यांच्यातल्या एकानं चाचांना पन्नासेक पानांच्या झेरॉक्स दिल्या. चाचांनी इंग्रजी-उर्दू डिक्शनरी घेऊन ती पानं दोन वर्षांत वाचली. मग पुन्हा वाचली. मी त्यांना भेटलो तेव्हा त्या कागदांचा मऊ कपडा झाला होता. ते वर्ष सव्वीस की पंचवीस यावर पंडितांचे वाद आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. मी पंचवीस धरतो, म्हणायचे, कुठं तरी खुंटी ठोकायलाच लागते.

सांगायची पद्धत तर अशी, की जणू सगळं आमच्याच कंपनीत घडलंय. रोमचा सम्राट म्हणजे हेड ऑफिस. पार्थिया म्हणजे समोरची तगडी कंपनी, जिनं आधीच्या एका लढाईत रोमची निशाणं हिसकावून ठेवली होती. त्यांच्याकडे गादीवरून दोघांचं जुंपलेलं, तरी त्यांच्या अंगावर जायची हेड ऑफिसची छाती नाही. मग मोर्चा वळवला दक्षिणेला, धूप आणि ऊद पिकवणाऱ्या अरबांकडे. इजिप्तचा सुभेदार झाला प्रोजेक्ट मॅनेजर. आणि पेट्राकडच्या नबाती राजाचा वजीर झाला लोकल पार्टनर, वाट दाखवायला. पहिल्या झटक्यात मॅनेजरनं ऐंशी लढाऊ जहाजं बांधली. समोर अरबांकडे आरमारच नाही! इथे चाचा थांबायचे, आमच्याकडे एकेक करून बघायचे आणि म्हणायचे, मटेरियल आधी, ड्रॉइंग मागनं, तेव्हापासनं हेच चाललंय. जेवणाच्या टेबलावर एकच हशा पिकायचा.

पण वाटाड्याची गोष्ट आली की हसणं बंद. दहा हजारांची फौज निघाली, सहा महिने वाळवंटात फिरली, शेवटच्या शहराला वेढा घातला आणि पाणी नाही म्हणून सहा दिवसांत उठली. परत आली ती साठ दिवसांत. लढाईत मेले सात. बाकीचे तहानेनं, आजारानं, वाटेनं. मग हिशोब सोपा होता. यायला साठ दिवस लागतात तर जायला सहा महिने कसे लागले? वाटाड्यानं फसवलं. मुद्दाम आडवाटेनं नेलं. तसंच लिहून ठेवलंय.

चाचांना हे सहन व्हायचं नाही. लिहिणारा कोण, तर मॅनेजरचा दोस्त. तो आपल्या दोस्ताची चूक लिहील काय? आणि त्यांचा स्वतःचा मुद्दा असा होता: जाताना दहा हजार तोंडं. त्यांना पुरेल एवढं पाणी मोठ्या विहिरींवरच मिळणार, आणि मोठ्या विहिरी सरळ रेषेत नसतात. म्हणून वाट वाकडी. येताना तोंडं उरली किती? थोड्यांना लहान विहीर पुरते, मग जवळची वाट चालते. यात फसवणूक आली कुठे? तीस वर्षं वाळवंटात पाणी हुडकत हिंडलेल्या माणसाचं हे म्हणणं होतं. मी मनातल्या मनात त्यांना शंभर मार्क दिले.

दशरथ म्हणून कुडाळचा एक सुतार होता, शटरिंगचं काम करायचा, जिभेला हाड नाही. त्यानं एकदा विचारलं, चाचा, तो वाटाड्या तुमच्या नात्यातला काय? चाचा शांतपणे म्हणाले, “नात्यातला नाय. धंद्यातला.”

आमच्या कामाचा दुसरा टप्पा दक्षिणेला होता. खमीस मुशैतला कॅम्प आणि तिथून नजरानच्या बाजूला सर्व्हे. त्यासाठी रूट सर्व्हेयर म्हणून चाचांचं नाव पक्कं झालं होतं. फौज गेली तोच मुलूख. तीस वर्षं कागदावर चाललेली वाट हा माणूस आता पायांनी चालणार होता, विहिरी बघणार होता, अंतरं मोजणार होता. तेवढं बघितलं की खलास, घरी जातो, म्हणायचे. आयुष्यात दुसरं काही मागताना मी त्यांना पाहिलं नाही.

आता माझ्याकडे येतो. टाळून चालणार नाही.

रोज गाड्या सुटण्याआधी एक रूट शीट ऑफिसात द्यावं लागायचं. आज कुठल्या वाटेनं जाणार, ते लिहायचं आणि खाली रूट सर्व्हेयरची सही. पण चाचा फजरची नमाज पढून उजाडायच्या आतच खुंट्या घेऊन पुढे गेलेले असायचे. मग गाड्या खोळंबणार. यावर आमच्या साइटनं आपला खास तोडगा काढला होता. चाचा दर शनिवारी आठवड्याच्या कोऱ्या शीटवर सह्या करून पॅड माझ्याकडे देऊन जायचे. वाट ते मला तोंडी सांगायचे, मी भरायचो. नियमात हे बसत नव्हतं, पण अशीच कामं होतात. मी सुरुवातीला म्हणालो होतो, चाचा, कोऱ्या कागदावर सही करू नये. ते म्हणाले, “लिहिणारा आपला माणूस हाय. भ्यायचं कशाला?”

त्या दिवशी क्लायंटचे लोक दहा वाजता पुढच्या साइटवर येणार होते. मधे सबखा होती. सबखा म्हणजे समुद्राजवळची खारी जमीन, वरून पापडासारखी कोरडी, खाली गाळ. चाचांनी आदल्या संध्याकाळी मला बजावलं होतं की सबखा टाळा, डोंगराच्या कडेनं वळसा घालून या, तीन तास जास्त लागतील, लागू देत. ते स्वतः पहाटेच वळशाच्या वाटेवर खुंट्या ठोकत पुढे गेले. मी सहाला ड्रॉइंग उघडलं. सरळ रेघ होती, चाळीस मिनिटांची. क्लायंटच्या आधी पोहोचून मला शाबासकी हवी होती. मी शीटवर सबखाची वाट लिहिली, चाचांच्या सहीच्या वर, आणि यल्ला म्हणून तीन गाड्या सोडल्या, पहिलीत मी.

मधोमध दोन गाड्या बसल्या. तिसरी त्यांना ओढायला गेली आणि तीही बसली. फोनला रेंज नाही, एक झाड नाही, अकरा माणसं. पाणी दुपारपर्यंत संपलं. मी सगळ्यांना चाकांखाली फळ्या घालायला लावल्या, उन्हात. कुठलाही शहाणा माणूस त्यांना गाडीच्या सावलीत बसवून ठेवेल. दशरथ सगळ्यात जास्त राबला, बडबडत, चेष्टा करत. मग त्याची बडबड थांबली. मी बघितलं तर त्याचं अंग तापलेलं आणि कोरडं, आणि तो मला कुणाच्या तरी वेगळ्याच नावानं हाक मारत होता.

दोनच्या सुमाराला समोरून चाचा आले. गाडी पलीकडच्या काठाला ठेवून, चार किलोमीटर त्या पापडावरून चालत, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. आम्ही पोहोचलो नाही म्हटल्यावर त्यांनी ओळखलं होतं. क्लायंटच्या गाड्यांना मदतीला पिटाळून ते एकटे चालत निघाले होते. आल्या आल्या दशरथला सावलीत ओढलं, आपला तो बटण लावलेला शर्ट काढला, भिजवून त्याच्या अंगावर टाकला आणि मदत येईपर्यंत वारा घालत बसले.

दशरथ वाचला, पण बारा दिवस हॉस्पिटलात होता आणि त्याची किडनी गेली. त्याला घरी पाठवलं. चौकशी बसली. आमच्या मॅनेजरनं मला आधी एकट्याला बोलावलं. दार लावून घेतलं आणि म्हणाला की कागदावर सही परकारची आहे, परकारचं वय झालंच आहे, तुझ्या बायकोमुलीचा व्हिसा पुढच्या महिन्यात येतोय, विचार कर. मी विचार केला. रिपोर्ट इंग्रजीत लिहिला. ‘रूट सर्व्हेयरने ठरवून दिलेल्या मार्गाने’ अशी त्यात ओळ घातली. एकच ओळ.  टाइप करताना स्पेलिंगची एकही चूक झाली नाही.

चौकशीत माझ्या कच्च्या रिपोर्टातली ती ओळ वाचून दाखवली आणि चाचांपुढे ते शीट ठेवलं. मी खोलीतच होतो. त्यांनी चष्मा लावला, वरचं माझं अक्षर वाचलं, खालची आपली सही बघितली. ही तुमची सही का, असं विचारलं गेलं. ते म्हणाले, “सही माझीच.” दुसरं काही कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गाड्यांबरोबर असलेल्या ड्रायव्हरांना तर बोलावलंच नाही.

बाहेर आल्यावर ते माझ्याजवळ थांबले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “साहेब, मी सही नाकारणार नाय,” ते म्हणाले. “नोकरी गेली तर जाऊ दे. पण दशरथला मी त्या वाटेनं नेला, असं कागदावर राहील. ती एक ओळ तुम्हालाच बदलता येईल.”

मी म्हणालो, “बघतो चाचा.”

‘बघतो’ या शब्दात किती नालायकपणा मावतो ते मला तेव्हा कळलं. रिपोर्ट तीन दिवस माझ्याच लॅपटॉपवर होता. तीन दिवस मी तो उघडायचो आणि बंद करायचो. मेसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी टेबल बदललं नाही, कुणी टोमणा मारला नाही, सगळे पूर्वीसारखंच साहेब म्हणत होते, फक्त मी बसलो की बोलणं थांबायचं. चौथ्या दिवशी मॅनेजरनं पक्का रिपोर्ट मागितला. मी जसा होता तसा पाठवला. चाचांना फायनल एक्झिट मिळालं, म्हणजे कायमची घरवापसी. त्यांना विमानतळावर सोडायला सगळा कॅम्प गेला, मी मीटिंग काढून ऑफिसात बसलो. आणि पुढचं तुम्हाला खोटं वाटेल, पण दक्षिणेच्या सर्व्हेवर त्यांच्या जागी कंपनीनं मला पाठवलं. मी गेलोसुद्धा.

दीड वर्ष खमीस मुशैतला काढलं. चाचांचं गणित बरोबर होतं की नाही, ते मला तिथल्या जमिनीनं दाखवलं. मोठ्या विहिरी खरोखरच वाकड्या वाटेवर होत्या, जवळच्या वाटेवर एखाददुसरी डबक्याएवढी. मी ते बघितलं, मोजलंसुद्धा. चाचांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. कळवलं नाही. कुठल्या तोंडानं कळवणार?

गेल्या वर्षी अल-खोबरच्या समुद्रकाठच्या बागेत संध्याकाळी मी एकटाच फिरत होतो. मागून आवाज आला, “मानेसाहेब!” वळलो तर चाचा. दाढी आता राखलेली, पांढरी. शर्टाचं वरचं बटण तसंच. चाचींना घेऊन मक्केला उमऱ्याला आले होते, तिथून इकडे दम्मामच्या जावयाकडे. चाची पलीकडे लेकीबरोबर बोलत होत्या. पळावंसं वाटलं, पण चाचांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. बाकावर बसवलं आणि पहिला प्रश्न केला, “त्या वाटेचं काय? विहिरी बघितल्या?”

मी सगळं सांगितलं. मोठ्या विहिरी कुठे, लहान कुठे, मधली अंतरं किती. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे त्यानं फसवलं नव्हतं.” मी म्हणालो, “नव्हतं चाचा.” त्यांचा चेहरा इतका सुखावला की मला तिथं बसवेना. आता बोलायचं, मी ठरवलं. पाय धरायचे, जे काय व्हायचं ते होऊ दे. मी ‘चाचा’ एवढं म्हणालो आणि तेवढ्यात चाची येऊन पोचल्या.

चाचांनी ओळख करून दिली. चाचींचा चेहरा एकदम उजळला. म्हणाल्या, तुम्हीच का ते मानेसाहेब? यांच्या गुडघ्यांनी दगा दिला नं, म्हणून ह्यांनीच दक्षिणेच्या कामाला तुमचं नाव सुचवलं, घरी आले ते तेच सांगत, आपलाच माणूस गेलाय म्हणून. इतकी वर्षं त्या कामासाठी थांबले आणि वेळेला गुडघे! तुम्ही तरी यांना तेव्हा दवाखान्यात न्यायचं होतं.

मी चाचांकडे बघितलं. चाचा समुद्राकडे बघत होते. चाची माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

“हो चाची,” मी म्हणालो. “त्यांनीच सुचवलं माझं नाव.”

जावयानं गाडी रस्त्याच्या कडेला आणली. चाचा उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवला, हलकेच कण्हले, आणि पाय ओढत चालू लागले. चाची पुढे होत्या. थोडं अंतर गेल्यावर चाचा विसरले असावेत, कारण पाचसहा पावलं ते अगदी ताठ, भराभर चालले, तबूकला चालायचे तसे. मग चाचींनी गाडीच्या दाराशी वळून मागे बघितलं, आणि त्यांचा पाय पुन्हा ओढायला लागला.